मामे अपडेट केलं आणि मुस्तफा बंद पडला

लेथवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे आणि मी कॉम्प्युटरवाला नाही, हे आधीच सांगतो. उद्यमनगरात लेथ चालवतो. बुश, शाफ्ट, बोल्ट विचारा, झोपेत सांगीन. तेवढं सांभाळून उत्तर द्या.

थोरल्या भावाची पंचेचाळिशी झाली. त्याला द्यायला म्हणून गेमचं कॅबिनेट बनवलं. १८ एमएमचा प्लाय, बटणांची पट्टी माझ्याच शॉपमध्ये ड्रिल केलेली, दोन हँडलं, आत लिलावातनं घेतलेला जुना आय-थ्री कॉम्प्युटर आणि २२ इंची रुंद एलसीडी. राजारामपुरीत एक दुकान होतं, एका रुपयाला एक कॉइन. आम्ही दोघं जायचो. भाऊ खेळायचा आणि मी बघायचो, कारण रुपया एकच असायचा. गेम पण एकच, मुस्तफा. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स आहे, हे मला लग्न झाल्यावर कळलं.

पूर्वी घरच्या कॉम्प्युटरवर सीडीवरनं घातलेलं मामे३२ होतं, म्हणजे दुकानातले जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम. डबल क्लिक केलं की मुस्तफा सुरू. ५ दाबला की कॉइन, १ दाबला की स्टार्ट. कॅबिनेटसाठी म्हटलं चांगलं काहीतरी घालू, म्हणून नवं मामे उतरवलं. तीच जुनी फाईल दिली तर म्हणतं, डीएल-१४२५.बिन नावाची फाईल सापडली नाही, गेम चालणार नाही. आता ही कुठली? इतकी वर्षं ती नव्हती तरी चालत होतं की!

दोन रात्री घालवून ते चालू केलं. तर चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. किंग ऑफ फायटर्स ९७ (केओएफ) लावला तर चित्र मधेच बारीक झटका देतंय, सारखं, घड्याळ लावल्यागत. मुस्तफात केलेला स्कोअर मशीन बंद केलं की गायब. सुरू होताना दर वेळी माहितीचा पडदा, तो एक बटण दाबून घालवायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भावानं दोन मिनिटं खेळून सांगितलं, "गाणं हे नाही."

पुतण्या सोफ्यावर बसून मोबाईलवर तोच गेम खेळतोय. त्याचा दोन सेकंदात उघडतो.

तर प्रश्न हा. चालणारी गोष्ट बिघडवून हे लोक मिळवतात काय? अचूकपणा म्हणे. अचूकपणा आम्हाला पण कळतो. पण गेटच्या बिजागरीला कोण मायक्रोमीटर लावत नाही.

ठाणे_९७

भावा, मामे म्हणजे तहसील कार्यालय. काम होईल, पण आधी सातबारा, मग फेरफार, मग परत या.

एफबीनिओ टाक, मामेसारखाच पण हलका प्रोग्रॅम, रेट्रोआर्क नावाच्या प्रोग्रॅमच्या आत चालतो. सीपीएस-१ (मुस्तफाचा बोर्ड), निओ जिओ (केओएफचा) सगळं मक्खन चालतं. त्यात ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, सक्तीनं लावायचा पर्याय आहे, झटके बंद. स्कोअर सेव्ह होतो. जुन्या आय-थ्रीवर सुद्धा पंख्याचा आवाज येणार नाही. आणि केओएफ ९७ कुणाशी ऑनलाइन खेळायचा असेल तर फाइटकेड आहे, त्यातही आत एफबीनिओच. रोलबॅक (नेटचा उशीर लपवायची युक्ती) असल्यामुळे समोरचा दिल्लीत असला तरी दुकानात शेजारी उभा असल्यासारखं वाटतं. मामेत ते नाही आणि मामेवाल्यांना त्याची घाईही नाही.

विषय संपला. गाण्याचं म्हणाल तर दादाला तीस वर्षांपूर्वीचं काय आठवणार?

सोल्डरकाका

विषय संपलेला नाही. उलट गाण्यापाशीच तो सुरू होतो, पण तिकडे मी शेवटी येईन.

मी १९८९ पासून पुढची चौदा-पंधरा वर्षं लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यात गेमचे बोर्ड दुरुस्त केले. मुंबईतल्याच नाही, पार सोलापूर-कोल्हापूरकडच्या दुकानांचे बोर्ड एसटीच्या पार्सलनं यायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यामुळे लेथवाले, तुमच्या दुकानातला बोर्डही कदाचित माझ्या टेबलावरून गेलेला असेल.

तुमची बिजागरी मला आवडली. पण मी दुसरं उदाहरण देतो. एखादं गिऱ्हाईक तुमच्याकडे जुन्या मशीनचा एक नग घेऊन येतं. कंपनी बंद, ड्रॉइंग नाही, आणि जगात हा एवढाच नग उरलाय, तोही झिजलेला. तेव्हा तुम्ही काय करता? आधी माप घेता. कॅलिपर लावता, मग मायक्रोमीटर लावता, झीज किती असेल त्याचा हिशोब करता, आणि कागदावर उतरवता. नग नंतर बनवता. मामे हे ते माप घेण्याचं काम आहे. नग बनवणारे वेगळे आहेत. ठाण्याचे मित्र ज्याची शिफारस करतात ते एफबीनिओ उत्तम आहे, मी स्वतः लोकलमध्ये नातवाच्या फोनवर तेच खेळतो. पण त्याच्या रॉम सेटची, म्हणजे गेमच्या चिपमधून काढलेल्या फायलींच्या संचांची, नावं बहुतांशी मामेच्या यादीशी जुळवून ठेवलेली असतात, आणि कुठली चिप कुठे जोडली होती हे शोधून काढण्याचं बरंचसं काम मामेच्या वहीत झालेलं असतं. फोनवाला दोन सेकंदात उघडतो, कारण दुसऱ्या कुणीतरी दोन वर्षं घालवलेली असतात.

मामेची पहिली आवृत्ती ५ फेब्रुवारी १९९७ ची. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसानं आपले सुटे सुटे एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्रॅम, एकत्र बांधले. तेव्हापासून त्यांचं म्हणणं एकच आहे: जुनी यंत्रं आतून कशी चालत होती त्याची नोंद ठेवायची, गेम खेळता येतो हा त्यातून मिळणारा वरचा फायदा. हे वाचून मलाही पहिल्यांदा रागच आला होता. अहो, लोक खेळायलाच येतात ना?

आता तुमची ती फाईल. मुस्तफा हा कॅपकॉमचा १९९३ चा गेम, सीपीएस-१ बोर्डाच्या शेवटच्या काळातला. त्यात क्यूसाउंड नावाची आवाजाची चिप आहे. वरवर बघितलं तर एक चिप. प्रत्यक्षात ती एटी अँड टीची डीएसपी-१६ जातीची, म्हणजे एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटरच, आणि तिचा प्रोग्रॅम तिच्याच पोटात कोरलेला. बाहेरून तो वाचता येत नव्हता. म्हणून तुमच्या सीडीवरच्या मामे३२ मध्ये काय होतं? अंदाज. चिपला काय सांगितलं की साधारण काय वाजतं हे बघून कुणीतरी हुशारीनं लिहिलेली नक्कल. गाणं वाजायचं, पण एको नव्हता, फिल्टर नव्हते, डाव्या-उजव्या आवाजाची जी करामत हीच या चिपची ओळख, ती जेमतेम होती.

पुढे चिपचं कवच उतरवून, आतल्या सिलिकनचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून तो प्रोग्रॅम मिळवला गेला. डीएल-१४२५.बिन म्हणजे तोच. २०१८ मध्ये मामेतला आवाज त्यावरून नव्यानं बसवला गेला. गंमत अशी की चिपचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवायचा तर कॉम्प्युटरवर बराच भार पडतो. म्हणून प्रोग्रॅम वाचून, समजून घेऊन, त्याबरहुकूम नव्यानं लिहिलेली हलकी नक्कलच सीपीएस गेमना वापरतात. म्हणजे मामेवाल्यांनीही सोय बघितलीच. पण ही नक्कलसुद्धा मूळ प्रोग्रॅममधले आकडे त्या फाईलमधून उचलते, म्हणून फाईल लागते. आधी ती नसताना चालत होतं, कारण तेव्हा तुम्ही मूळ आवाज ऐकतच नव्हता.

काळ्या पट्ट्या: मुस्तफाचं चित्र ३८४ आडवे आणि २२४ उभे ठिपके. पण ते दाखवायची ट्यूब चाराला तीन मापाची. म्हणजे ठिपका चौकोनी नव्हताच, उभट होता. तुमच्या जुन्या मामे३२ मध्ये तुम्ही पूर्ण स्क्रीनभर ताणून खेळत असणार. तो मुस्तफा जाडा झालेला होता, हा खरा. पट्ट्या नको असतील तर भंगारातून जुना चौकोनी मॉनिटर घ्या, स्वस्तात मिळतो. ताणू नका.

माहितीचा पडदा: मामे.आयएनआय या फाईलमध्ये स्किप_गेमइन्फो हा पर्याय शोधा, ० चं १ करा. हा पडदा काहीच नाही. पूर्वी दर वेळी इंग्रजीत "ओके" टाइप करायला लागायचं, नाहीतर हँडल आधी डावीकडे, मग उजवीकडे हलवायचं. कायदेशीर सूचना वाचलीत याची कबुली म्हणून. तेव्हा मी मनातल्या मनात जे म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्कोअर: हा माझाही जुना राग आहे. मुस्तफाच्या मूळ बोर्डावर स्कोअर साठवला जातच नव्हता. दुकानदारानं रात्री मेन स्विच पाडला की यादी पुसली जायची आणि सकाळी कॅपकॉमचीच ठरलेली नावं. मामेत पूर्वी एक सोय होती, गेमच्या मेमरीत बाहेरून हात घालून स्कोअर परत ठेवायची. मग ती काढून टाकली. म्हणणं असं की मूळ यंत्र हे करत नव्हतं, आणि असा हात घातला की गेम कधीकधी चुकतो. तत्त्व म्हणून बरोबर. पण घरच्या माणसाचा विक्रम पुसायचा म्हणजे काय? बरीच वर्षं लोकांनी त्यासाठी स्वतःच्या वेगळ्या आवृत्त्या काढल्या. आता ती सोय प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा भाग, म्हणून परत आलीय. प्लगिनच्या यादीत हायस्कोअर चालू करा. मला विचाराल तर ती तिथेच शोभते, यंत्राच्या बाहेर. ज्याला हवी त्यानं खिळ्याला टांगावी.

केओएफच्या झटक्यांबद्दल रात्री लिहितो. आणि भावाला विचारा: दुकानात गाणं पूर्ण वाजायचं, की एकच तुकडा फिरून फिरून?

ठाणे_९७

काका, आदर आहे, पण २०१८ चा अचूक एको ऐकायला कॅबिनेटमध्ये कुठले स्पीकर लावणार? दुकानात एकच फाटका स्पीकर असायचा, त्यात शेजारच्या रस्त्यावरची रिक्षा.

६० हर्ट्झ लाव, खेळ. ५९ आणि ६० मधला फरक माणसाला कळत नाही.

पंचम_मिरज

इथे पहिल्यांदाच लिहितेय. मुलामुळे हा धागा वाचला, तो केओएफ ९७ खेळतो. मी गेम खेळत नाही. आमच्या घरी तानपुरे बनतात आणि मी ते जुळवते, सासऱ्यांच्या हाताखाली शिकले.

५९ आणि ६० मधला फरक कळत नाही असं जे लिहिलंय, त्यावर राहवलं नाही. मुलाला विचारून आकडे घेतले. निओ जिओ सेकंदाला ५९.१९ चित्रं दाखवायचं. ते ओढून ६० केलं तर फरक जवळजवळ १.४ टक्के. आमच्याकडे प्रमाणश्रुती म्हणतात, स्वरांमधलं एक बारीक अंतर, ती ८१ भागिले ८०, म्हणजे १.२५ टक्के. म्हणजे तुमचा "न कळणारा" फरक या श्रुतीहून जास्त आहे! तेवढ्या फरकानं तानपुऱ्याची तार सोडली तर गाणारा उठून जाईल.

अर्थात दोन्ही एकापाठोपाठ ऐकवले तरच कळतं, हेही खरं. मुलानं रेट्रोआर्कवर आणि मामेवर तेच गाणं लावून दाखवलं. रेट्रोआर्क मॉनिटरशी मेळ घालायला आवाज किंचित ओढून घेतं म्हणे. मी तानपुरा एकाला लावला आणि दुसरा वाजवायला सांगितला. लगेच बेसूर. तो म्हणाला, आई, पण खेळताना तानपुरा कोण घेऊन बसतं? तेही बरोबरच आहे म्हणा.

लेथवाला_कोल्हापूर

ताई, नाद खुळा! आमच्यात १.४ टक्के म्हणजे ५० एमएमच्या शाफ्टला पाऊण एमएमच्या जवळ जातंय. तसा शाफ्ट दिला तर गिऱ्हाईक माझ्याच डोक्यात घालंल.

काका, पडदा गेला, स्कोअर राहतोय. पट्ट्या पण राहू दिल्या. भावाला विचारलं. तो म्हणतोय, गाणं पूर्ण नसायचंच. दुसऱ्या स्टेजपासनं एकच तुकडा, तो संपला की खट्ट असा आवाज यायचा आणि परत पहिल्यापासनं. माराचा आवाज आला की गाणं बारीक तुटायचं. आणि आता जे वाजतंय ते "लय गुळगुळीत" आहे म्हणतोय. मला वाटलं वयामुळं काय पण बोलतोय.

आणि केओएफचं राहिलंय तुमचं.

सोल्डरकाका

मिरजेच्या ताईंनी माझं अर्धं काम केलं. नमस्कार.

केओएफ: तुमचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, गेम ५९.१९ वेळा देतो. मामे गेमचा मूळ वेग सोडायला तयार नाही. म्हणून साधारण दर सव्वा सेकंदाला मॉनिटरला नवं चित्र मिळत नाही आणि तो आधीचंच पुन्हा दाखवतो. तुम्ही "घड्याळ लावल्यागत" लिहिलंत ना, अगदी तेच. मुस्तफा ५९.६४ ला चालतो, त्यात हेच पावणेतीन सेकंदांनी होतं, म्हणून कमी जाणवलं. मामेत सिंकरिफ्रेश नावाचा पर्याय आहे, तो मॉनिटरच्या तालावर चालवतो. झटका जाईल, पण मग आवाज अडखळण्याची शक्यता. भावाला झटका खुपतोय का हे आधी बघा. खुपत नसेल तर हात लावू नका.

ठाण्याच्या मित्रांना एवढंच म्हणेन की केओएफला ६० लावा, फारसं बिघडणार नाही, ताई माफ करोत. पण ही सवय सगळीकडे नेऊ नका. मॉर्टल कॉम्बॅट ५४.७ ला चालतो. आर-टाईप ५५ ला. त्यांना ६० लावलं तर गेम नऊ-दहा टक्के जलद पळतो. मग आर-टाईपमध्ये मेलो की पोरं म्हणतात, जुने गेम फार कठीण होते बुवा. कठीण होतेच, पण इतके नव्हते.

आता गाणं. तुमचा भाऊ अगदी बरोबर बोलतोय, आणि त्याच्या कानाला माझा सलाम.

माझ्या टेबलावर मुस्तफाचे जेवढे बोर्ड आले, त्यात कॅपकॉमचा मूळ बोर्ड क्वचित असायचा. बाकी सगळे डुप्लिकेट. मूळ बोर्ड महाग, आणि त्यात एक खोडी होती. त्याच्या आवाजाच्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम कुलूपबंद, आणि कुलपाची किल्ली एका लिथियम सेलवर जिवंत ठेवलेली. सेल संपला की किल्ली पुसली जायची आणि बोर्ड मेला. आपल्याकडे एसटीनं, उन्हात, वर्षानुवर्षं फिरणाऱ्या मालाला हे परवडणारं नव्हतं. डुप्लिकेटवाल्यांनी तो सगळा आवाजाचा भागच कापून टाकला. त्याऐवजी पीआयसी-१६सी५७ नावाचा एक चवली-पावलीचा कंट्रोलर आणि ओकीची एम६२९५ ही चिप. क्यूसाउंड एका वेळी १६ आवाज सांभाळायचं, ओकी फक्त ४. म्हणून गाणं म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा, तो एका वाटेनं फिरत राहायचा. तुकड्याच्या सांध्यावर खट्ट. मारामारी वाढली की चारही वाटा भरायच्या, मग गाणं तुटायचं. भावानं जे सांगितलं त्यातला शब्दन् शब्द जुळतो.

म्हणजे बघा काय झालंय. नवं मामे मूळ जपानी बोर्डाशी जितकं प्रामाणिक होत गेलं, तितकं ते राजारामपुरीतल्या दुकानापासून लांब गेलं. तुमच्या सीडीवरचा अर्धाकच्चा, एको नसलेला आवाज भावाला कदाचित जास्त ओळखीचा वाटला असता.

मामेवाल्यांचं मला इथे कौतुक वाटतं. त्यांनी डुप्लिकेट बोर्डांचीही नोंद ठेवलीय. मूळ गेमच्या खाली पोटनावं करून, पीआयसीवाला पहिला, पीआयसीवाला दुसरा, चिनी डुप्लिकेट, असे सेट आहेत. स्ट्रीट फायटर २ चा रेनबो आठवतो? हवेत उडी मारून हाडुकेन (हातातून सुटणारे आगीचे गोळे) सोडायचे, एकाच वेळी चार चार, स्टार्ट दाबलं की माणूसच बदलायचा. तो कॅपकॉमनं काढलेलाच नव्हता, कुणीतरी चॅम्पियन एडिशनच्या प्रोग्रॅममध्ये हात घातला होता. तोही यादीत आहे, नावानिशी. सोयीच्या एम्युलेटरवाल्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, चोरीच्या, बिघडलेल्या मालाची नोंद कशाला? आमच्या पिढीनं तर तोच खेळला.

आता वाईट बातमी. तो पीआयसी कंट्रोलर आतून कुलूप लावलेला. प्रोग्रॅम बाहेर येऊ नये म्हणून डुप्लिकेटवाल्यांनीच कुलूप लावलं, चोराघरी तिजोरी. त्यामुळे माझ्याकडच्या मामेच्या आवृत्तीत हा सेट लागतो, मुस्तफा धावतो, लाथ मारतो, पण आवाज शून्य. अंदाजानं काहीतरी वाजवता आलं असतं. त्यांनी नाही वाजवलं, गप्प ठेवलं आणि "आवाज नाही" अशी पाटी लावली. तुम्हाला हा अडेलपणा वाटेल. मला दुरुस्तीवाला म्हणून तो पटतो. मीटर बंद असेल तर काटा शून्यावर दिसलेला बरा, चुकीच्या आकड्यावर नको.

माझ्या माळ्यावर तसा एक बोर्ड आहे. शेवटचा चालू केला त्याला दहा-बारा वर्षं झाली. रविवारी काढतो. कपॅसिटर फुगले नसतील तर स्पीकरच्या वायरीवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवतो.

ठाणे_९७

काका, माघार. रेनबोचं ऐकून डोळ्यांत पाणी आलं राव. आमच्याकडे त्याला "पागल स्ट्रीट फायटर" म्हणायचे, मला वाटायचं मशीन खराब आहे.

तरी माझा मुद्दा उभाच आहे हं. शंभरातल्या नव्वद लोकांना रविवारी दोन तास खेळायचं असतं. त्यांना मामे.आयएनआय उघडायला लावणं हा अन्याय आहे. अचूक ठेवा, पण मेनू तरी माणसांसाठी बनवा. आणि दर महिन्याला नवीन आवृत्ती, त्यात कधी सेटचं नाव बदललं, कधी एक चिप नव्यानं डंप झाली (वाचून फाईल काढली) म्हणून जुनी झिप फेल. हे कुठल्या तत्त्वात बसतं?

सोल्डरकाका

याला माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहे तुमचं. मी स्वतः एक आवृत्ती चालली की ती वर्षानुवर्षं बदलत नाही, आणि लेथवाल्यांनीही तेच करावं. कॅबिनेट चालू आहे ना? मग अपडेटचं नाव काढू नका. इंटरनेटची वायरच उपटून ठेवा.

पंचम_मिरज

काका, रेकॉर्डिंग इथे पण टाकाल का? ती खट्ट कशी ऐकू येते ते बघायचंय. सासरे म्हणतात, जुन्या तबकडीची रेघ चुकली की असंच व्हायचं, आणि काही लोक गाणं त्या चुकीसकट पाठ करायचे. मूळ गायकाला ऐकलं की त्यांनाच चुकल्यासारखं वाटायचं.

लेथवाला_कोल्हापूर

काकांचं रेकॉर्डिंग परवा आलं. बोर्ड जिवंत आहे, दोन कपॅसिटर बदलायला लागले म्हणाले.

मी भावाला काही सांगितलं नाही. रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर फोन ठेवला आणि लावलं. पहिली खट्ट आली आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. मग खिसा चाचपला. खरंच चाचपला, रुपया शोधल्यागत. "हेच," म्हणाला. "आता इथं मागनं तो पानवाला ओरडायला पाहिजे, घरी जावा म्हणून." सात मिनिटांचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. वहिनी वर आली, म्हणाली, हा कसला आवाज, बंद करा.

आता कॅबिनेटवर दोन मुस्तफा आहेत. एक मूळचा, गुळगुळीत गाण्याचा, पोरं तो खेळतात. पुतण्या पण मोबाईल सोडून येतोय, कारण हँडलवर पळती लाथ बसते ती काचेवर बसत नाही. दुसरा डुप्लिकेटवाला, मुका. तो लावायचा असला की भाऊ फोनवर काकांचं रेकॉर्डिंग सुरू करतो, फोन कॅबिनेटच्या वरच्या फळीवर ठेवतो आणि खेळतो. माराचा आवाज हाताच्या माराशी जुळत नाही. त्याला चालतंय. माझ्यातल्या फिटरला चालत नाही, पण वाढदिवस त्याचा होता.

ठाणेकर, एफबीनिओ पण घातलंय, केओएफसाठी. ६० वरच. ताई, तुमच्याकडं आलो तर सांगू नका कुणाला.

आता पुढचं. मुस्तफा तिघांचा गेम आहे, आणि बहीण म्हणतीय माझं हँडल कुठाय. पट्टी ६०० एमएम रुंद, दोन हँडलांमध्ये मधोमध ३१० आहे. तिसरं बसवलं तर कोपराला कोपर लागतंय. दुकानातल्या तीन हँडलवाल्या कॅबिनेटची पट्टी किती रुंद असायची, कुणाकडं माप आहे का? काका, आठवणीतलं नको, टेप लावलेलं सांगा.

सोल्डरकाका

टेप लावलेलं माझ्याकडेही नाही. वसईला एक जुना गिऱ्हाईक आहे, त्याच्या गोठ्यात तीन हँडलांचं एक कॅबिनेट अजून उभं आहे, वर कडबा ठेवलाय. शनिवारी जाऊन मोजून आणतो.